पडण्याचा आवाज : लॉरेल-हार्डी यांच्या बोलक्या लघुपटांतील ध्वनिविचार

इटलीच्या ‘कोमेडिया देल्लार्ते’ या लोकनाट्यप्रकारातील विनोदी नट हातात दोन पातळ फळ्यांचे एक साधन बाळगीत असत. त्याने कोणाच्या पाठीत फटका मारला की त्या फळ्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई. मार मात्र नावापुरताच लागे. इंग्रजीत या साधनाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात आणि पुढे पडापडी, मारामारी, आदळआपट यांवर उभ्या असलेल्या साऱ्या विनोदाला तेच नाव मिळाले. म्हणजे या विनोदप्रकाराचा उगमच ध्वनीत आहे. आवाज मोठा आणि इजा लहान, या दोहोंतील तफावतीवर प्रेक्षक हसतो. असे असूनही चित्रपटाच्या इतिहासात या प्रकाराचा विचार होतो तो मात्र नेमका उलटा : पडदा मुका होता तोवर हा विनोद जिवंत होता आणि पडदा बोलू लागताच तो संपला, असे मानण्याची रीत पडली आहे.

या मताला आधार नाही असे नाही. 1927 मध्ये ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील मूकपटनिर्मिती जवळजवळ थांबली. बस्टर कीटन 1928 मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या संस्थेच्या नोकरीत गेला, आपल्या चित्रपटांवरचा ताबा गमावून बसला आणि पुढे स्वस्तातल्या लघुपटांवर त्याला दिवस काढावे लागले. हॅरी लँग्डनची कथा फारशी वेगळी नाही. चॅप्लिनने तर बोलपटाला सरळ नकार दिला. 1931 मधील ‘सिटी लाइट्स’मध्ये संगीत आणि काही ध्वनी आहेत, संवाद नाहीत. रुडॉल्फ आर्नहाइम या जर्मन विचारवंताने 1932 मध्ये चित्रपटकलेवरील आपल्या ग्रंथात अशी भूमिका घेतली की चित्रपटाच्या मर्यादा हेच त्याचे कलात्मक सामर्थ्य असते आणि ध्वनीने त्यांतील एक महत्त्वाची मर्यादा पुसून टाकली. 1949 मध्ये जेम्स एजी या अमेरिकन समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूकविनोदावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात चॅप्लिन, लॉइड, कीटन आणि लँग्डन या चौघांना मानाचे स्थान दिले. लॉरेल आणि हार्डी यांच्या वाट्याला ओझरता उल्लेख आला. मात्र त्या ओझरत्या उल्लेखातही एजीने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली होती. मूकविनोदाची ढब टिकवून धरत ध्वनीचा विनोद शोधू पाहणारे हे दोघेच, असा त्याचा अभिप्राय होता. तो त्याने पुढे वाढवला नाही. प्रस्तुत लेखात तो अभिप्राय या जोडीच्या काही लघुपटांच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

स्टॅन लॉरेल (1890-1965) हा इंग्लंडमधील अल्व्हर्स्टनचा. फ्रेड कार्नोच्या रंगमंचीय विनोदी मंडळीतून तो चॅप्लिनबरोबरच अमेरिकेत आला. ऑलिव्हर हार्डी (1892-1957) अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा; त्याला गाण्याचे चांगले अंग होते. कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे हॅल रोच यांचा स्टुडिओ होता. तेथे 1927 मध्ये ही जोडी जमली आणि दोन वर्षांत मूकपटांतून लोकप्रिय झाली. 1929 ते 1935 या काळात या दोघांनी 40 बोलके लघुपट केले. बहुतेक दोन रिळांचे, म्हणजे वीस मिनिटांच्या आसपासचे. मुख्य चित्रपटाआधी दाखवायचा हा माल होता आणि त्याकडे गंभीरपणे पाहण्याची त्या काळी कोणास गरज वाटली नाही.

त्यांचा पहिला बोलपट मे 1929 मध्ये आला. त्याचे नाव ‘अनअ‍ॅकस्टम्ड अ‍ॅज वी आर’. सभेत भाषणाला उभा राहिलेला इंग्रज वक्ता ‘मला बोलण्याची सवय नाही’ अशा अर्थाचे जे ठरीव वाक्य उच्चारतो, त्याचा हा तुकडा आहे. मूकपटातील नटांनी तो स्वतःकडे वळवून घ्यावा यात मिस्कीलपणा आहेच, शिवाय थोडी भीतीही असावी. चित्रपट तसा बेताचाच. हार्डी मित्राला जेवायला घरी आणतो, बायको भडकते, शेजारीण मदतीला येते, तिच्या कपड्यांना आग लागते, तिचा पोलीस असलेला नवरा दारात उभा राहतो. परंतु शेवटच्या दृश्यात एक नवीन गोष्ट घडते. लॉरेल निरोप घेऊन जिन्याकडे वळतो आणि चौकटीबाहेर जातो. त्याचे पडणे प्रेक्षकाला दिसत नाही, ऐकू येते. पडद्यावर दिसत असतो तो ते ऐकणारा हार्डी.

हा बदल लहान नाही. मूकपटात पडणे दाखवावेच लागे. न दाखवलेले पडणे म्हणजे न घडलेले पडणे. ध्वनीने पडणारा आणि ते सोसणारा यांना वेगळे करण्याची सोय केली. लॉरेल कोसळतो, पण वेदना उमटते हार्डीच्या चेहऱ्यावर. आवाज वाढत जातो तसतसे प्रेक्षक आपल्या मनात पायऱ्या मोजू लागतो आणि मनातला जिना कोणत्याही नेपथ्यातल्या जिन्यापेक्षा लांब असतो. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेऱ्याच्या हालचालीवर बंधने आली होती, हे सर्वश्रुत आहे. त्या अडचणीतून ही युक्ती सुचली असेल किंवा नसेल. एवढे निश्चित की पुढील सहा वर्षे या जोडीने तिचा पुरेपूर उपयोग केला.

‘डर्टी वर्क’ (1933) मध्ये धुराडे साफ करणारा हार्डी धुराड्यातून घसरून खाली चुलीत येऊन बसतो. त्यानंतर विटा पडतात. एक पडते, थांबते. दुसरी पडते, थांबते. दोन विटांमधील शांतता हाच येथे विनोदाचा खरा विषय आहे. हार्डी वर पाहत नाही, कारण वर पाहिले की पडणार हे त्याला ठाऊक आहे. मग तो वर पाहतो. या प्रसंगात शब्द नाही. परंतु तो मूकपटात जसाच्या तसा बसला नसता, कारण मूकपटात सगळेच नि:शब्द असल्याने शांतता अशी वेगळी जाणवत नाही. पडदा बोलू लागल्यावरच त्याला गप्प बसता येऊ लागले.

याच काळात कोलंबिया कंपनीत ‘थ्री स्टूजेस’ या त्रिकुटाचे लघुपट सुरू झाले होते. 1934 ते 1959 या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या 190 वर गेली. तेथेही ध्वनी भरपूर आहे, पण त्याचे काम वेगळे आहे. डोळ्यांत बोटे खुपसली की तंतुवाद्याची तार छेडल्याचा आवाज, डोक्यावर ठोसा बसला की लाकूड आपटल्याचा आवाज. फटका आणि ध्वनी एकाच क्षणी येतात आणि हा ध्वनी खोटा असल्यामुळे फटकाही खोटा असल्याची ग्वाही प्रेक्षकास मिळते. जुन्या फळ्यांच्या साधनाचा हा थेट वंशज होय. लॉरेल-हार्डी यांनीही हा मार्ग चाखून पाहिला होता. ‘परफेक्ट डे’ (1929) मध्ये मोटारीचा सुटा भाग लॉरेलच्या डोक्यावर आदळतो तेव्हा ऐरणीवर घण बसावा तसा आवाज येतो. प्रेक्षक हसला असणार, यात शंका नाही. तरी हा त्यांचा नेहमीचा मार्ग झाला नाही, आणि ते बरे झाले. स्टूजेसचा ध्वनी फटक्याला सोबत करतो; लॉरेल-हार्डींचा ध्वनी बहुधा फटक्याच्या जागी येतो, कधी त्याच्या आधी, कधी बऱ्याच नंतर.

‘द म्यूझिक बॉक्स’ (1932) या तीन रिळांच्या लघुपटाचा विचार येथे सविस्तर करणे आवश्यक आहे. जेम्स पॅरट यांनी दिग्दर्शित केलेल्या या लघुपटास विनोदी लघुपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा पुरस्कार देण्याची ती पहिलीच वेळ होती. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याचा समावेश झाला. कथा एका ओळीची आहे. दोघांकडे असलेल्या 3 डॉलर 80 सेंट भांडवलावर त्यांनी मालवाहतुकीचा धंदा काढला आहे आणि त्यांना एक पियानो उंचावरच्या घरी पोचवायचा आहे. लॉस एंजेलिस शहराच्या सिल्व्हर लेक भागातील 133 पायऱ्यांचा तो जिना आजही आहे. पाच वर्षांपूर्वी ‘हॅट्स ऑफ’ (1927) या मूकपटात याच जिन्यावरून या जोडीने कपडे धुण्याचे यंत्र वर नेले होते. तो मूकपट आज उपलब्ध नाही. त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही, ही या विषयाच्या अभ्यासकाची कायमची अडचण आहे. पण एक फरक पाहण्यासाठी तो चित्रपट हाती असण्याची गरज नाही : यंत्राच्या जागी पियानो आला. मुक्या वस्तूच्या जागी बोलणारी वस्तू आली.

पियानो लाकडी खोक्यात बंद आहे. चित्रपटाच्या पहिल्या भागात तो दिसतच नाही. दिसते ते एक बोजड खोके. पण प्रत्येक पायरीवर ते आपटते तेव्हा आतल्या तारा झणझणतात. या झणझणाटात सूर नाही, ताल नाही, पण तक्रार आहे. खोके हातातून सुटून जिन्यावरून घरंगळत जाते तेव्हा हा आवाज दूर दूर जातो आणि रस्त्यावर येऊन थांबतो. एका निर्जीव पेटीला अशा रीतीने तिसऱ्या पात्राचा दर्जा प्राप्त होतो. ती कंटाळते, चिडते, पळून जाते. वर पोचून हे दोघे घंटा वाजवितात तेव्हाही मागे ती हलली की काय, हे आधी कानाला कळते.

जिन्यावर त्यांना भेटणारी माणसे सामाजिक उतरंडीच्या क्रमाने आलेली दिसतात. प्रथम बाबागाडी घेऊन निघालेली दाई, मग पोलीस, मग नावापुढे पदव्यांची माळ लावणारा प्राध्यापक. बिली गिल्बर्ट या नटाने प्राध्यापकाची भूमिका उंच आवाजात, जर्मन वळणाच्या उच्चारांत अशी रंगविली आहे की त्याचे संपूर्ण नाव आणि पदव्या उच्चारणे हाच एक स्वतंत्र विनोद होतो. मूकपटात हे शक्य नव्हते; पाटीवर लिहिलेल्या पदव्या वाचायला फार तर पाच सेकंद लागतात, त्या ऐकायला लागणारा वेळ आणि त्यातील दिमाख पाटीवर येत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, पण ओझे घेऊन चालणाऱ्यानेच बाजूला व्हावे, हे या तिन्ही भेटींतून कोणी न सांगता स्पष्ट होते. दोघे अखेर माथ्यावर पोचतात तेव्हा पत्ता सांगणारा पोस्टमन पुन्हा भेटतो आणि सांगतो की पलीकडून गाडीरस्ता आहे, जिना चढण्याचे कारणच नव्हते. यावर ते काय करतात? पियानो उचलून पुन्हा खाली आणतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर नेतात.

अनेक समीक्षकांना येथे ग्रीक पुराणातील सिसिफसची आठवण होते. डोंगरावर शिळा चढवीत राहण्याची शिक्षा भोगणारा तो राजा. तुलना आकर्षक असली तरी ती या प्रसंगाच्या मर्माला चुकविते. सिसिफसला देवांची शिक्षा आहे. लॉरेल आणि हार्डी यांना कोणी शिक्षा दिलेली नाही. त्यांना सल्ला मिळाला आहे आणि तो योग्य आहे. गाडीरस्त्याने जाणे शहाणपणाचे असते, हे त्यांना पटते आणि ते शहाणपणाने वागतात. शहाणपण उशिरा मिळाले तर ते मूर्खपणाहून महाग पडते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. हार्डीच्या चेहऱ्यावर या वेळी जे समाधान आहे ते पाहण्यासारखे आहे. नियमाप्रमाणे काम करणाऱ्या माणसाचे ते समाधान आहे.

घरात शिरल्यावरचा भाग तेवढा सकस नाही, हेही नोंदविले पाहिजे. पाण्याचा हौद, विजेचा प्लग, खिडकीतून दोराने वर ओढलेले खोके हे सारे या जोडीने इतरत्र अधिक नेमकेपणाने केले आहे. लघुपट पुन्हा उभा राहतो तो पियानो प्रत्यक्ष वाजू लागल्यावर. तो आपोआप वाजणारा पियानो आहे. देशभक्तिपर गीतांच्या त्याच्या सुरांवर हे दोघे पसारा आवरता आवरता नाचू लागतात आणि इतका वेळ ज्या पेटीने त्यांना छळले तिच्याच तालावर त्यांचे पाय हलके पडतात. मग घरधनी येतो. तो तोच प्राध्यापक असतो आणि त्याला पियानोचा तिटकारा असतो. तो कुऱ्हाड चालवीत असता पियानो राष्ट्रगीत वाजवू लागतो, त्याबरोबर तिघेही सलाम करून ताठ उभे राहतात. सूर थांबताच कुऱ्हाड पुन्हा सुरू. ध्वनीची सत्ता माणसाच्या रागावर कशी चालते, हे यापेक्षा थोडक्यात दाखविणे कठीण आहे.

1930 मधील ‘बिलो झीरो’ हा तुलनेने दुर्लक्षित लघुपट याच दृष्टीने पाहावा. महामंदीचा काळ, गोठविणारी थंडी, आणि रस्त्यावर बर्फात उभे राहून उन्हाळ्याच्या रम्य दिवसांचे गाणे वाजविणारे हे दोन भणंग वादक. कोणी पैसा टाकत नाही. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येते की आपण मूकबधिरांच्या संस्थेसमोर वाजवीत आहोत. एका खिडकीतून एक बाई विचारते की एका रस्त्यात साधारण किती मिळकत होते, आणि ती ऐकून दुप्पट रक्कम देते; अट एवढीच की दोन रस्ते पलीकडे जाऊन वाजवावे. बोलपट येऊन दोन-अडीच वर्षे झाली होती. चित्रपटगृहांतील वादकांचे ताफे या नव्या यंत्रामुळे बेकार होत होते. अशा वेळी, न ऐकू शकणाऱ्यांपुढे वाजविणारे आणि न वाजविण्यासाठी पैसे मिळविणारे वादक दाखविणे हा योगायोग असेलही, पण अर्थपूर्ण योगायोग आहे. मूकबधिरांच्या उणिवेवर विनोद बेतला आहे, हा आक्षेप आजचा प्रेक्षक घेईल. पण थट्टा नीट पाहिली तर ती वादकांची आहे. संस्थेतील कोणी पडद्यावर हास्यास्पद केलेला नाही. बायकांच्या चित्रणाबाबत मात्र असा बचाव करता येत नाही. या लघुपटांतील पत्नी बहुधा लाटणे वा बंदूक घेतलेली कजाग बाईच असते. मे बुश हिच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीलाही त्या साच्याबाहेर फारसे काही मिळाले नाही.

भाषेचा उपयोगही या जोडीने काटकसरीने केला. ‘टोड इन अ होल’ (1932) मध्ये मासे विकणाऱ्या हार्डीला लॉरेल सुचवितो की मासे आपणच पकडले तर विकत घ्यावे लागणार नाहीत आणि सगळा नफाच होईल. हार्डी थक्क होऊन पुन्हा सांगायला लावतो. दुसऱ्या वेळी तीच वाक्ये गुंतत जातात, कर्ता कर्माच्या जागी जातो, मासे गिऱ्हाईक होतात. हार्डी मात्र समजल्यासारखी मान डोलावतो. विचार सुचणे आणि तो धरून ठेवणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे येथे केवळ वाक्यरचनेतून सिद्ध होते.

ध्वनीने आणखी एक पेच निर्माण केला होता. मूकपटाच्या पाट्या बदलल्या की तो कोणत्याही देशात चाले; बोलपटाला भाषेची सीमा आली. यावर रोच यांनी काढलेला तोडगा आज विलक्षण वाटतो. ‘नाइट आउल्स’ (1930) स्पॅनिश आणि इटालियन भाषांत, ‘ब्लॉटो’ आणि ‘हॉग वाइल्ड’ स्पॅनिश आणि फ्रेंच भाषांत पुन्हा चित्रित झाले. भाषा न येणारे हे दोघे फळ्यावर उच्चारानुसार लिहिलेले संवाद वाचून बोलत. हा प्रकार फार काळ परवडणारा नव्हता आणि लवकरच ध्वनिभरणाने त्याची जागा घेतली. इटलीत मात्र त्यांचे मोडके उच्चार लोकांना इतके आवडले होते की पुढे इटालियन आवाज देणाऱ्या नटांनीही तेच मोडके उच्चार कायम ठेवले. त्यांपैकी हार्डीचा आवाज असलेला आल्बेर्तो सोर्दी पुढे स्वतः मोठा विनोदी नट झाला. भारतात हे लघुपट इंग्रजीतच आले. तरी मुंबईच्या रणजित स्टुडिओतील घोरी आणि दीक्षित या जोडीला 1930 च्या दशकात भारताचे लॉरेल-हार्डी म्हणत, यावरून त्यांचा पल्ला ध्यानी यावा.

आता या लघुपटांच्या संथपणाविषयी. आजच्या प्रेक्षकाची पहिली तक्रार हीच असते. हार्डी चिखलात पडतो, उठतो, टाय सारखा करतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि पाहतच राहतो. या थांबण्यामागे हिशेब होता. बोलपटात नवी अडचण आली होती : प्रेक्षक हसले की पुढचे वाक्य त्या हशात बुडे. म्हणून चित्रपट पूर्ण होण्याआधी खऱ्या प्रेक्षकांपुढे दाखवून पाहायचा, कोठे किती वेळ हशा टिकतो ते मोजायचे आणि त्या मापाने संकलन करायचे, अशी पद्धत होती. संकलनात लॉरेलचा शब्द महत्त्वाचा असे. त्यामुळे हार्डीचे ते पाहणे म्हणजे प्रेक्षागृहासाठी राखून ठेवलेली जागा आहे. एकट्याने, लहान पडद्यावर पाहताना ती जागा रिकामी राहते. तेव्हा दोष चित्रपटाचा की पाहण्याच्या पद्धतीचा, याचा विचार करावयास हवा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात काही जुने लघुपट पुन्हा प्रदर्शित करताना ‘परफेक्ट डे’सारख्यांना पार्श्वसंगीत जोडण्यात आले. लेरॉय शील्ड यांचे ते संगीत स्वतंत्रपणे मोठे गोड आहे; पण मूळच्या शांततेवर ते पसरले आणि राखीव जागा बुजल्या.

या संथपणाचे सर्वांत धीट उदाहरण ‘हेल्पमेट्स’ (1932) मध्ये आहे. बायको घरी परतण्याआधी रात्रीच्या मेजवानीचा पसारा आवरण्यासाठी हार्डी लॉरेलला बोलावतो आणि दिवसाखेर घरच जळून जाते. उरलेल्या भिंतींमध्ये हार्डी खुर्चीवर बसला आहे. छप्पर नाही. लॉरेल निघताना हार्डी त्याला दार लावून घ्यायला सांगतो. त्याला एकांत हवा आहे. दार लागते. मग पाऊस सुरू होतो. हार्डी आपल्या विजारीवरील धाग्याचा एक कण झटकतो. येथे ना किंकाळी आहे ना आदळआपट. जळालेल्या घराला दार असण्याचा संकेत दोघेही पाळतात.

अशा लघुपटांचे दिवस मात्र भरत आले होते. मंदीच्या काळात प्रेक्षक खेचण्यासाठी चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन पूर्ण लांबीचे चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली आणि कार्यक्रमातून लघुपटाची जागा गेली. वीस मिनिटांचा ऐवज असलेल्या या जोडीला तासा-दीड तासाच्या कथानकांत, गाणी आणि प्रेमी युगुले यांच्या मध्ये बसवावे लागले. 1935 मध्ये आलेला ‘थिकर दॅन वॉटर’ हा त्यांचा अखेरचा लघुपट ठरला. त्यात रक्त देण्या-घेण्याचा घोळ होऊन दोघांचे रक्त मिसळते. रुग्णालयातून बाहेर पडतात तेव्हा हार्डीच्या देहात लॉरेलच्या लकबी आणि लॉरेलचा आवाज असतो, आणि मिशी लावलेला लॉरेल हार्डीच्या आवाजात त्याला दटावीत असतो.